नसते उद्योग

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात अभ्यासाखेरीज तुम्ही काय काय करता, हे सांगायला 20 जागा दिलेल्या असतात. नववीपासूनचं सगळं लिहायचं. आठवड्याला किती तास, वर्षातून किती आठवडे, आणि वर 350 अक्षरांत वर्णन. लेकीच्या नववीपासूनच्या आयुष्यातून अभ्यास वजा जाता काय उरतं, याचा हिशेब मी मांडला. उरलं ते एवढंच : इंटरमीजिएट ड्रॉइंग, बी ग्रेड.

याचं श्रेय सर्वस्वी माझं आहे. आमच्या घरात नसते उद्योग चालत नाहीत, हे मी मुलुंड पूर्वेत अभिमानाने सांगत फिरायचो. ती ढोलपथकात जाते म्हणाली, तेव्हा ‘ढोल बडवून पर्सेंटाइल वाढतं का?’ असं विचारून मी तो विषय संपवला. शाळेच्या एकांकिकेत तिला भूमिका मिळाली, तर बाईंना भेटून ती परत करून आलो. ड्रॉइंग तेवढं वाचलं, कारण दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3. पाच गुण पदरात पडताच रंगपेटी शेजारच्या पोराला देऊन टाकली. आता ती 350 अक्षरांत कलेची आवड कशी फुलवायची, या विवंचनेत मी होतो.

मुळात हे खूळ मेव्हण्याचं. तो फ्रीमाँटला असतो. ‘भावोजी, बर्कली, यूसीएलए सगळी पब्लिक युनिव्हर्सिटी आहेत. नऊ कॅम्पस, अर्ज एकच!’ पब्लिक म्हणजे सरकारी, सरकारी म्हणजे व्हीजेटीआयसारखी फी, असा माझा सरळ हिशेब. प्रत्येक कॅम्पसला परदेशी मुलांकडून 95 डॉलर घेतात, हे कळलं तेव्हाही शंका आली नाही. चार कॅम्पसचे बत्तीस हजारांच्या घरात गेले. म्हटलं, पुढे स्वस्तच आहे की!

माझं एकमेव शस्त्र होतं क्लास. एसएटीला बसवू, घासून घेऊ, विषय मिटला. तर 2021 पासून प्रवेशासाठी एसएटीचे गुण ते बघतच नाहीत. यूसीएलएला दीड लाखाच्या आसपास अर्ज येतात, शंभरातल्या नऊएक जणांना घेतात, आणि तेही तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते बघून. आपल्याकडचा कारभार किती सुटसुटीत. आमच्या घरापासून पवईची आयआयटी रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे जेईईचा रँक दाखवा आणि आत जा, तुम्ही माणूस आहात की नाही हेही कोणी विचारत नाही. (2024 पासून मद्रासच्या आयआयटीने मात्र खेळाडूंसाठी प्रत्येक शाखेत दोन जादा जागा काढल्या. ही बातमी मी लेकीपासून बरेच दिवस लपवली.)

घाटकोपरला एका समुपदेशकाकडे गेलो. चुणचुणीत, लेकीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा मुलगा. ‘अंकल, बेबीचं पॅशन काय?’ मी म्हटलं, ‘पीसीएम.’ त्याने पेन खाली ठेवलं. मग बाकीच्यांची बेबी काय करते, ते सांगितलं. कुणाचं पुस्तक आलं होतं, कुणाची संस्था होती, कुणी अंधेरीच्या गच्चीवर उपग्रहाचे संदेश पकडत होतं. लेक शांतपणे भिंतीवरचं घड्याळ बघत होती. तिचा क्लास बुडत होता.

परतताना लोकलमध्ये मला सुचलं, की आपल्यालाही काही वजन लावता येईल. शिफारसपत्र! वॉर्डातल्या नगरसेवकांना गाठलं. नगरसेवक म्हणजे माजी. पालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यापासून अख्ख्या मुंबईत सगळेच माजी होते. त्यात नोव्हेंबर 2024, वीस तारखेला विधानसभेचं मतदान, कार्यालयात झेंड्यांचे गठ्ठे. त्यांच्या माणसाने लगेच पत्र काढून दिलं : ‘मा. प्राचार्य, कॅलिफोर्निया. सदर कुमारिका माझ्या प्रभागातील रहिवासी असून तिला मी व्यक्तिशः ओळखतो. तरी तिला प्रवेश देऊन सहकार्य करावे.’ खाली गोल शिक्का, वर हात जोडलेला फोटो. हे विद्यापीठ अर्जासोबत शिफारसपत्र मागतच नाही, हे लेकीने मला घरी सांगितलं. ती गेले दोन आठवडे हेच सांगत होती म्हणे.

खोटं लिहायचीही सोय नव्हती. काही अर्जदारांना निवडून ते पुरावे मागवतात. तेव्हा काहीतरी खरंखुरं, आणि महिन्याच्या आत करणं भाग होतं. मी समाजसेवा निवडली : सोसायटीचं ओल्या कचऱ्याचं खत.

मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा पालिकेचा 2017 पासून आग्रह आहे. वीस हजार चौरस मीटरचं आवार, नाहीतर रोज शंभर किलो कचरा. आमची चार मजली इमारत यातल्या कशातच बसत नाही. तरी मी निळा ड्रम आणला, त्याला भोकं पाडून घेतली, तळाशी कोकोपीट घातलं, विरजण म्हणून आंबट ताक आणि गूळ ओतला आणि ड्रमवर कागद चिकटवला : ‘संकल्पना व नेतृत्व’, पुढे लेकीचं नाव. लेक क्लासला. कचरा गोळा करायला मी. ढवळायला मी. फोटोपुरती ती खाली आली, हातमोजे घालून, नाक दाबून. फोटोत ते नाक दाबणं चिंतनासारखं दिसतं.

रविवारी तिसऱ्या मजल्यावर कोलंबी होती. सालं ड्रममध्ये आली. मला वाटलं, निसर्गच तो, बघेल काय ते. बुधवारपर्यंत वास लिफ्टने वर पोचला आणि भोकांतून अळ्या बाहेर पडून सेक्रेटरींच्या गाडीखाली जमल्या. ग्रुपवर सूचना आली : ‘पार्किंगमध्ये अळ्या फिरत आहेत. संबंधितांनी आपापल्या अळ्या आपापल्या घरी न्याव्यात.’ त्याखाली सतरा अंगठे. मी तो ड्रम रात्री उपसला. मदतीला वॉचमन आला. त्याने शंभर रुपये घेतले आणि खतात मासळी घालत नाहीत हे फुकट सांगितलं.

वर आलो, तर लेक लॅपटॉपवर. आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांत. ‘तुमच्यापुढचं सर्वांत मोठं आव्हान’ हा प्रश्न तिने वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघितलं. मी अंघोळीला गेलो.

तिने काय लिहिलं, ते मी चोरून वाचलं. इमारतीतल्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढायची सोय 2021 मध्ये झाली, तेव्हा ही नववीत होती. आधी आजीचा काढला, मग आजीने जाहिरात केली. नोव्हेंबर लागला की आमच्या सोफ्यावर रांग. पीपीओ नंबर विसरलेले, आधारवरचा फोटो स्वतःचा आहे हे मान्य नसलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालेलं असताना ‘डोळे मिचकवा’ ऐकून बिचकलेले. ‘आठवड्याला 10 तास, वर्षातून 4 आठवडे,’ तिने नोंदवलं होतं. याच चार आठवड्यांत ‘इथे काय पेन्शन ऑफिस उघडलंय का?’ म्हणून मी तिला दरवर्षी झापत आलो होतो. सुदैवाने तेवढी अक्षरं उरली नव्हती.

मार्चमध्ये यूसीएलए नाही म्हणाली. बर्कलीही. एका कॅम्पसने मात्र तिला हो म्हटलं. आम्ही पेढे आणले, आणि मग खर्चाचं पान उघडलं. बाहेरच्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासकट वर्षाला 80 हजार डॉलरच्या आसपास. मी मेव्हण्याला फोन केला. ‘अरे, सरकारी आहे ना?’ तो म्हणाला, ‘भावोजी, त्यांचं सरकार.’

सीईटी दिली होतीच. पुण्याला सीओईपीत मेटलर्जी मिळाली. 1854 सालची संस्था, 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ. तिथे पर्सेंटाइल आणि दाखले सोडून कोणी काही विचारलं नाही.

नोव्हेंबर आला तशी बेल वाजू लागली. दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. तिने जाताना मला सगळं शिकवलं होतं. मी फोन धरला. ‘उजेड अपुरा.’ खिडकीपाशी नेलं. ‘चेहरा चौकटीत आणा.’ आणला. ‘डोळे मिचकवा.’ आजोबांनी मिटले ते उघडेनात. उघडले तोवर वेळ संपली. पुन्हा केलं, तर फोनने माझाच चेहरा टिपला. शेवटी आजोबांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. ‘तू राहू दे. तिला लाव.’

लावला. पलीकडे हा गलका. कोणीतरी मोठ्याने संवाद म्हणत होतं, मागे ढोलकी.

‘बाबा, पटकन बोल, फिरोदिया करंडकाची तालीम चालू आहे.’

‘आणि अभ्यास?’ मी विचारलं.

‘आजोबांना दे,’ ती म्हणाली.