दिडकी बाय औटकी

आमच्या घराण्यात आजवर कोणीही भिंत बांधलेली नाही. वाईचा वाडा आजोबांनी बांधला असं आम्ही अभिमानाने सांगतो खरं, पण त्याचा अर्थ एवढाच की आजोबा पान खात समोर बसले होते आणि गवंडी बांधत होता. मराठी क्रियापदांची ही मोठी सोय आहे. आपण घर बांधतो, विहीर खणतो, सदरा शिवतो, आणि यातलं काहीच आपण करत नाही.

वडील, म्हणजे अण्णा, बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी छत्तीस वर्षं लोकांच्या भिंतींना ओळंबा लावला. ठेकेदार हात जोडून म्हणायचा, "साहेब, एवढं चालेल की." अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं: "भिंत चालायला नको, उभी राहायला हवी." मग भिंत पडायची, म्हणजे पाडली जायची.

अशा कुळातला मी वयाच्या 47 व्या वर्षी ओहायोत मागच्या अंगणात दहा बाय बारा फुटांची शेड स्वतःच्या हाताने उभारायला निघालो, त्याला कारण गणपती. आमच्या मराठी मंडळाचं मखर दरवर्षी माझ्या गॅरेजात तयार होतं. गणपती दहा दिवसांत जातात. मखराचे अवशेष मार्चपर्यंत मुक्काम ठोकतात आणि बायकोची गाडी बर्फात राहते. गेल्या फेब्रुवारीत काच खरवडून आत आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "गॅरेजातून एक तर मखर बाहेर जाईल, नाहीतर मखरकार." सुतार बोलावून पाहिला. त्याने जो आकडा सांगितला, त्यात वाईच्या वाड्यावर आणखी एक मजला चढला असता. म्हणून मी स्वतःच हातोडा घेतला. अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांनी खुर्ची घेतली.

पहिला धक्का लाकडाच्या दुकानात बसला. इथल्या भिंतीचा पाया, हाड, मणका, सगळं काही म्हणजे 'टू बाय फोर' नावाची पट्टी. ती मोजली तर दीड इंच बाय साडेतीन इंच. मी बिलावरून भांडायच्या तयारीत होतो. शेजारचे म्हातारबाबा सोबत आले होते. जन्मभर हौसेने सुतारकाम केलेला माणूस. ते हसून म्हणाले, "नाव ओल्या, खडबडीत लाकडाचं. वाळवून, रंधून जे उरतं ते तुझं."

घरी आल्यावर अण्णांनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचे डोळे चमकले. "अरे, ही तर दिडकी बाय औटकी!" त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी घोकून घेत. साठ-पासष्ट वर्षं ती औटकी डोक्यात नुसती पडून होती. शेवटी उपयोगाला आली ती ओहायोत. एरवीही मराठी माणसाला साडेतीनचं वावडं नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. चार म्हणवून साडेतीन असणारं लाकूड आम्हाला परकं वाटायचं कारणच नव्हतं.

दुकानात आठ फुटी भिंतीसाठी कापून ठेवलेले उभे खांब मिळतात. त्यांना स्टड म्हणतात. त्यांची लांबी ब्याण्णव पूर्णांक पाच अष्टमांश इंच. हे कुठून काढलं असेल म्हणून मी डोकं धरून बसलो. अण्णा म्हणाले, "ब्याण्णव इंच पाच सूत. त्यात काय?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खाली एक आडवी पट्टी, वर दोन, प्रत्येकी दीड इंच. "तीन दिडक्या साडेचार," अण्णा पुटपुटले, "सत्त्याण्णव इंच एक सूत. छताचा तक्ता आत बसायला वाव ठेवलाय." मी जे कळावं म्हणून तीन रात्री जागलो होतो, ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत सोडवलं.

एवढं सगळं खरं, पण ही भिंत आहे हेच अण्णांना मान्य नव्हतं. वाड्याच्या भिंतीत फडताळ मावतं, कोनाड्यात समई मावते. इथे घरात फोटो टांगायचा तर आधी भिंतीवर एक यंत्र फिरवावं लागतं. आत खांब सापडला की ते पी-पी करतं. अण्णा त्याला भिंतीची सोनोग्राफी म्हणतात. मी त्यांना सांगितलं की 1830 च्या दशकात शिकागो वाढत होतं तेव्हा जाड तुळया आणि खाचांचे सांधे सोडून लोक बारीक पट्ट्या आणि यंत्रावर कापलेले स्वस्त खिळे वापरून घरं ठोकू लागले. त्या पद्धतीला नाव पडलं 'बलून फ्रेम'. "फुगा?" अण्णा म्हणाले. "नाव तरी प्रामाणिक ठेवलंय."

दाराच्या चौकटीने मात्र ते जरा खूश झाले. दाराच्या बाजूला पूर्ण उंचीचा खांब असतो तो 'किंग', त्याला चिकटून आखूड खांब असतो तो 'जॅक', म्हणजे पत्त्यांतले राजा आणि गुलाम. दारावरच्या तुळईचं ओझं गुलामाच्या डोक्यावर. राजा शेजारी ताठ उभा. "चला," अण्णा म्हणाले, "लोकशाही असली तरी भिंतीला जुनं वळण आहे."

तळाचा लाकडी फलाट तयार होता. अंगण बारा फुटांत पाच इंच उतरत होतं; नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण शब्दशः खरी ठरण्याचा मान आमच्या अंगणाला मिळाला. अण्णांनी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आणले. त्या नळीपुढे म्हातारबाबांनी आपली लेझरची डबी मुकाट खिशात घातली.

मग मागची भिंत. स्टड सोळा-सोळा इंचांवर ठोकायचे. टेपवर दर सोळाला लाल खूण छापलेली असते. सोळाच का, तर तक्ता चार बाय आठ फुटांचा. अठ्ठेचाळीस इंचांत सोळा तीनदा, शहाण्णवात सहादा. तक्त्याची कड कशीही फिरवा, खांबाच्या मध्यावर येते. मात्र त्यासाठी पहिली रेघ सोळावर नाही, सव्वापंधरावर मारायची, कारण खांबाचा मध्य सोळावर यायला हवा. रेघेच्या ज्या बाजूला खांब बसणार तिकडे फुली करायची. मी खालच्या पट्टीवर फुल्या उजवीकडे केल्या. वरची पट्टी उलटी धरल्यामुळे तिच्यावर त्या डावीकडे झाल्या. दहा खांब, चाळीस साडेतीन इंची खिळे, दोन तासांचा घाम. मागे सरून पाहिलं तर कडेचे दोन सोडून बाकी आठ खांब एकाच दिशेला झुकलेले.

"आरतीला डोलतायत," बायको म्हणाली. "चांगलंय की, मखराच्याच शेडीत आहेत."

अण्णा काहीच बोलले नाहीत. ठेकेदारांना याचीच भीती वाटत असणार.

हातोड्याच्या मागच्या सुळ्यांनी खिळे उपटण्यात संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून, एकाच दमात रेघा मारल्या. खांब सरळ आले. "आता कर्ण मोज," अण्णा म्हणाले. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले तरच कोपरे काटकोनात. महाभारतात एका कर्णाने एवढा घोळ झाला; इथे दोन होते आणि दोघांत पाऊण इंचाचं वैर. लांब कर्णाच्या कोपऱ्याला हातोड्याने समजावत समजावत ते मिटवलं आणि वर तीन तक्ते ठोकून टाकले, पुन्हा बिनसायला नको म्हणून.

आता उचलायची वेळ. एका टोकाला म्हातारबाबा, दुसऱ्या टोकाला बायको, मध्ये अण्णा आणि मी. साडेतीन शहाण्यांत नाना फडणवीस अर्धे, कारण ते तलवार धरत नव्हते असं सांगतात. इथला अर्धा कोण हे माझ्या हातातल्या हातोड्याला ठाऊक होतं. भिंत कमरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली, आणि अचानक तिचा तळ फलाटावरून बाहेरच्या बाजूला सरकायला लागला. तळाशी आधी आडव्या फळ्या ठोकायच्या असतात, तेवढं एक राहून गेलं होतं.

"माउली! माउली!" अण्णा ओरडले. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली त्याला तपश्चर्या लागली. आमची नुसत्या निष्काळजीपणावर निघाली होती. म्हातारबाबांना मराठी येत नाही. माउली म्हणजे 'थांबवा' असं समजून त्यांनी बूट आडवा घातला. चार इंच चालून भिंत थांबली. आम्ही तिला परत ओढलं, उभं केलं, तिरप्या पट्ट्यांनी टेकू दिला. कोणीच काही बोललं नाही.

मग अण्णा पुढे झाले. दोऱ्याला एक जड नट बांधून त्यांनी ओळंबा केला, माथ्यापासून सोडला आणि डोळा बारीक करून बघत राहिले. नट डुलायचा थांबला. मीही पाहिलं. आठ फुटांत एक सूत बाहेर.

"छत्तीस वर्षं," ते दोरा गुंडाळत म्हणाले, "दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवली. हात लावून उभी केलेली ही पहिली." नट खिशात टाकला, तक्त्यावर दोनदा थाप मारली. आतून पोकळ आवाज आला.

"चालेल," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द कुठल्याही ठेकेदाराने ऐकला नव्हता.

"अण्णा," मी म्हटलं, "चालायला नको. उभी राहायला हवी."