पस्तीस टक्के जास्त

आमची इमारत १९७९ साली उभी राहिली तेव्हा मुलुंड पूर्वेला लोक तिला 'टॉवर' म्हणायचे. तळमजला धरून सात मजले, मजल्यावर चार घरं आणि वर लिफ्ट! आजूबाजूच्या इमारती तीनमजली, बिनलिफ्टच्या. त्यामुळे पाहुणे मुद्दाम लिफ्टमध्ये बसायला यायचे, दोनदा वर-खाली करायचे आणि पोहे खाऊन जायचे. गच्चीवरून मिठागरं दिसायची, त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी. आता त्याच गच्चीवरून समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसतं. त्यांची घरं दिसायला मान बरीच वर करावी लागते, आणि ती करण्याचं वय आमच्यापैकी फारसं कुणाचं राहिलेलं नाही.

इमारत बांधली तो काळ परमिटवरच्या सिमेंटचा. पुढे त्याच सिमेंटपायी बॅरिस्टर अंतुल्यांना १९८२च्या जानेवारीत मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण थोडं सैल केलं. आमच्या बिल्डरला तोवर दम निघाला नाही. त्यामुळे इमारतीच्या पोटात सिमेंट किती आणि वाळू किती, यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं स्वतंत्र संशोधन आहे. काका पोस्टातून रिटायर झाले, पण काँक्रीटवर बोलायला मुंबईत डिग्री लागत नाही.

आधी छताचे पापुद्रे पडायचे, मग ढलपे पडायला लागले. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला स्लॅबचा हातभर तुकडा ओट्यावर आला. तेव्हापासून त्या दोनच शिट्ट्या करतात आणि त्यांच्याकडची डाळ बोटचेपी लागते. सेक्रेटरींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आम्ही ते चाळीस उलटल्यावर केलं, कारण मधली वर्षं खजिनदार ऑडिटरच्या फीवर घासाघीस करत होते. शेवटी एक तरुण इंजिनियर मुलगी आली. तिने हातोडीसारखं एक यंत्र पिलरला टेकवून आकडे लिहून घेतले, दोन टोकांना दोन डबे धरून आतून आवाजाच्या लहरी सोडल्या. इथवर सगळे जांभया देत होते. मग तिने पार्किंगमधल्या एका पिलरचं प्लास्टर खरवडलं, आतलं काँक्रीट थोडं फोडलं आणि बाटलीतून काहीतरी फवारलं.

"फिनॉल्फ्थॅलिन," ती म्हणाली. "काँक्रीट चांगलं असेल तर गडद गुलाबी होईल."

सगळी सोसायटी पिलरभोवती गोळा झाली. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते, ती आतल्या सळईला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की अल्कली संपते, मग गुलाबी रंगही येत नाही आणि सळईला राखणदारही उरत नाही. गंजलेली सळई फुगते, मूळच्या लोखंडापेक्षा कैक पट जागा मागते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. (जास्त जागा मागायची सवय सभासदांना सळयांकडूनच लागली असावी.) आमचा पिलर काही केल्या गुलाबी होईना. मागच्या बाजूचा एक पिलर मात्र झाला, तोही चांगला खोल खणल्यावर. तो काकांच्या घराखालचा. काका दिवसभर "आमच्या बाजूला माल बरा टाकलाय" असं सांगत हिंडत होते.

महापालिका अशा इमारतींच्या चार श्रेणी करते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे काही भाग पाडून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न पाडता मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आम्हाला सी-२बी मिळाली. त्या संध्याकाळी सोसायटीवर जी अवकळा पसरली ती मी दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती. कारण अर्ध्या लोकांना मनापासून नापास व्हायचं होतं! सी-१ आली असती तर वाद मिटला असता, पुनर्विकास एके पुनर्विकास. ज्यांना इमारत सोडायची नव्हती त्यांची सी-३ची आशा होती. ऑडिटर बदलून बघू, असं दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सुचवलं. सोसायटीत दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

दुरुस्तीचा अंदाज आला तो घरटी काही लाखांचा. तो ऐकताच सी-३वाल्यांचंही मतपरिवर्तन झालं.

पुनर्विकासाचं गणित तसं सरळ आहे. बिल्डर आपल्याला नवीन घर फुकट देतो असं म्हणतात, पण तो आपल्या डोक्यावर आणखी मजले चढवतो आणि ते विकतो. किती चढवायचे ते प्लॉट, समोरचा रस्ता आणि नियमावली यांवर ठरतं. मुंबईच्या २०३४च्या विकास नियमावलीत जुन्या सोसायट्यांसाठी ३३(७)(बी) नावाचं कलम आहे. त्यात जुन्या बांधकामाच्या पंधरा टक्के किंवा घरटी दहा चौरस मीटर, जे जास्त असेल तेवढं बांधकाम जास्तीचं मिळतं. शिवाय फंजिबल, शिवाय टीडीआर. हे सगळं सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना तोंडपाठ आहे. स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नावं त्यांना सांगता येत नाहीत, पण एफएसआय दशांश चिन्हासकट सांगतात.

घोडं अडलं ते कार्पेटवर. आमची घरं ४८० चौरस फुटांची, बिल्डर म्हणतो पस्तीस टक्के जास्त देतो. म्हणजे ६४८. यात भांडायला काय आहे, असं बाहेरच्याला वाटेल. पण जुना कार्पेट मोजताना खोल्यांमधल्या भिंती धरत नसत, रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतीही धरतात. म्हणजे त्या ६४८तल्या काही फुटांत आम्ही राहणार नाही, फक्त खिळे ठोकणार. आणि मूळचे ४८० तरी ४८०च कशावरून? बिल्डरचा माणूस लेझरचं यंत्र घेऊन मोजायला आला तेव्हा आमच्या सासूबाई शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्याच्या मागोमाग फिरल्या. हॉलमध्ये दोघांच्या मापात दोन इंचांचा फरक आला. त्याचं म्हणणं, भिंतीला प्लास्टरचे थर चढलेत. सासूबाईंचं म्हणणं, ते थर आम्ही आमच्या पैशाने चढवलेत, ते आमच्यात धरा. मग निघाली बाल्कनी. ती १९८५ साली आम्ही आत घेतली, तिथे माझा नवरा बारावीचा अभ्यास करून पास झाला, आणि आता तो पोरगा म्हणतो, मंजूर नकाशात ही खोलीच नाही! सासूबाईंनी त्याला चहा दिला नाही. त्या घरातून चहा न घेता गेलेला मला आठवणारा तो पहिलाच माणूस.

यथावकाश बिल्डर लोकांची प्रेझेंटेशनं झाली. गच्चीवर पडदा, समोर खुर्च्या, हातात समोसा. चित्रातल्या टॉवरभोवती इतकी झाडं होती की आमचा रस्ता त्यात कुठे बसवलाय ते कळेना. पोडियमवर तरणतलाव, काठावर गॉगल लावून पहुडलेली माणसं. खजिनदारांनी विचारलं, "हे कुठल्या विंगचे?" हशा पिकला, पण त्यांना खरंच माहिती हवी होती. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं, ते आधी तलावात जाणार की टाकीत, या प्रश्नावर बिल्डरने पुढची स्लाइड लावली.

निवड करायची ती कायद्याने. सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखाली सरकारने २००९ साली निर्देश काढले आणि २०१९ साली ते सुधारले. सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी एकावन्न टक्क्यांची संमती हवी, निबंधकांच्या कार्यालयातला अधिकारी हवा आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग हवं. आता, आमची सर्वसाधारण सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन मग आहेत तेवढ्या माणसांत भरते. नोटिशीतच वेळ साडेनऊची देऊन सगळे दहाला येतात. अशा सोसायटीत २८ पैकी १९ जण एका जागी आणायचे कसे, या चिंतेने सेक्रेटरींचं वजन उतरलं. पण शूटिंग असतं ही बातमी पसरली आणि सभेला पैठण्या आल्या. एक मुलगा खास पुण्याहून आला. अधिकारी साहेबांनी घड्याळ बघून 'सुरू करा' म्हटलं तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमचा कोरम वेळेवर पूर्ण होता. बहुमत सहज झालं. विरोधात हात वर करणाऱ्या तळमजल्यावरच्या मावशींनी कॅमेऱ्याकडे बघून आधी पदर सारखा केला.

मावशींचा मुद्दा मला तरी पटला. त्यांच्या खिडकीखाली गवती चहा, तुळस आणि एक पपईचं झाड आहे. "मला तळमजलाच हवा," एवढंच त्यांचं मागणं. आर्किटेक्टने समजावलं की नव्या इमारतीत खालचे सहा मजले पार्किंगचे, घरं सातव्यापासून. म्हणजे आज आमच्या गच्चीवर जिथे पाण्याची टाकी आहे, साधारण त्या उंचीवर मावशींचा तळमजला येणार. मावशींनी विचारलं, "आणि पपई?" त्यावर लँडस्केप कन्सल्टंट नावाच्या गृहस्थांनी 'टेरेस गार्डन' असं उत्तर दिलं. पार्किंगचं मात्र सगळ्यांना पटलं, विशेषतः ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना. २८ घरांत गाड्या पाच. यंत्राने वर-खाली होणाऱ्या पार्किंगमध्ये आपली गाडी कितव्या थाळीवर असेल, यावरून दोन सायकलवाल्यांचं बोलणं बंद आहे.

या सगळ्या धामधुमीत एक प्रश्न कुणी विचारला नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. आज आम्ही महिन्याला तीन हजार दोनशे मेंटेनन्स भरतो आणि त्यावरही कुरकुर करतो. नव्या टॉवरमध्ये चार लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा, जनरेटर, पार्किंगची यंत्रं आणि तो तलाव. फुटाला बारा रुपये धरले तरी ६४८ फुटांचे पावणेआठ हजार होतात. पेन्शनीतल्या माणसांनी हे कुठून आणायचे? बिल्डर देतो तो कॉर्पस फंड यासाठीच असतो: तो बँकेत ठेवायचा आणि व्याजातून मेंटेनन्स भरायचा. आमच्याकडे कॉर्पसचा आकडा जाहीर झाला त्या रात्री दुसऱ्या मजल्यावर सिंगापूरच्या टूरची चौकशी सुरू झाली होती.

नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहायचं, त्या भाड्याचंही तसंच. बिल्डर वर्षाचं भाडं आगाऊ देतो, पुढचे चेक पुढच्या तारखांचे. ते वटत राहिले तर आनंद आहे. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासासाठी घरं सोडली, मग भाडं थांबलं आणि घरासाठी पंधरा वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. त्या वाटेत काही जण गेलेही. म्हणूनच सरकारी निर्देशांत प्रकल्पाच्या खर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी घ्यायला सांगितली आहे. आमच्या सभेत हा मुद्दा माझ्या नवऱ्याने काढला तेव्हा 'तुम्ही फार नकारात्मक बोलता' असं त्याला ऐकून घ्यावं लागलं. त्याने तरी ती गॅरंटी करारात घालून घेतलीच. त्याच्या बारावीच्या बाल्कनीपेक्षा मला त्याचं हे काम जास्त मोठं वाटतं.

तर आता करार झालाय, वीज तोडायची तारीख आली आहे आणि आमच्याच इमारतीतली २८ कुटुंबं एकाच वेळी मुलुंड पूर्वेला घर शोधत असल्यामुळे इथली भाडी वर गेली आहेत. सासूबाई पहिल्या मजल्याच्या वर जायला तयार नाहीत. त्यांचं शिसवी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून जिना रुंद हवा. स्टेशन चालत, देऊळ चालत, दूधवाला हाच. वाचकांपैकी कुणाच्या पाहण्यात असं दोन खोल्यांचं घर असेल तर कृपया कळवावं. आमच्या शेजाऱ्यांना मात्र आधी सांगू नये. दलालामार्फत असलं तरी चालेल, दलाली बिल्डर देणार आहे.