‘जातो’ म्हणत येणारा वेटर

स्पॅनिश शिकायला सालामांकात उतरलेल्या माणसाला दोन गोष्टी शोधाव्या लागतात. एक, विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक. दुसरी, ‘ईर’ या क्रियापदातला ‘ईर’. पैकी बेडूक सापडतो.

हे विद्यापीठ १२१८ सालचं. त्याच्यासमोर दिवसभर माना वर करून गर्दी उभी असते. कोरीवकामात एका कवटीच्या डोक्यावर हा बेडूक बसलाय. तो कुणाच्या मदतीशिवाय दिसला तर परीक्षेत पास, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा. मला तो एका गाइडने छत्रीच्या टोकाने दाखवला. म्हणजे निकाल तिथेच लागला.

‘ईर’ म्हणजे जाणे. बाईंनी फळ्यावर लिहिलं: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. मी जातो, तू जातोस वगैरे. मूळ क्रियापद त्यात औषधालाही नाही. ‘जात असे’ म्हणायचं तर ‘इबा’, ‘गेलो’ म्हणायचं तर ‘फुई’. लॅटिनमधल्या तीन निरनिराळ्या क्रियापदांचं हे एकत्र कुटुंब. त्यात ‘फुई’चा अर्थ ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ असा दोन्ही. पुढच्या बाकावरचे जर्मन आजोबा ‘फुई प्रोफेसोर’ म्हणाले. हे मास्तर होते, की मास्तरांकडे गेले होते? बाई म्हणाल्या, जायचं असेल तर मागोमाग ‘आ’ येतो: ‘फुई आ माद्रिद’. आजोबांनी वहीत ‘आ’भोवती लाल चौकट आखली. मराठी माणसाने मात्र हसू नये. ‘खातो’चं ‘खाल्लं’ होतं, पण ‘जातो’चं ‘गेलो’ कसं झालं, ते आपल्याला तरी कुणी विचारलंय?

स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण याच गावात, ऑगस्ट १४९२मध्ये निघालं. लेखक आंतोनियो दे नेब्रिहा. कोलंबस त्याच महिन्यात पंधरा दिवस आधी जहाजात बसून निसटला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. खुद्द स्पॅनिश लोकांनाही ‘ईर’ पेलत नाही. चारचौघांना ‘निघा’ म्हणायला व्याकरणशुद्ध रूप ‘ईदोस’. लोक सर्रास ‘ईरोस’ म्हणतात. १७१३पासून भाषेवर पहारा देणाऱ्या शाही अकादमीने अखेर २०१७ साली हात टेकले आणि ‘ईरोस’लाही मान्यता दिली.

खरी गंमत गावच्या मुख्य चौकात, प्लासा मायोरमध्ये. कमानींखालच्या टेबलावरून हाक मारली की वेटर आतून ओरडतो, ‘बोय!’ म्हणजे ‘जातो!’ आणि थेट आपल्याकडे येतो. स्पॅनिश माणूस आहे त्या जागेवरून हलला की तो ‘जातो’च, मग ते तुमच्याकडे का असेना. आपल्याकडे दाराशी चपला घालताना ‘जातो’ म्हटलं की आतून आजी कडाडते, ‘येतो म्हण!’ तेव्हा तिथे मी ‘येतो’ म्हणत उठायचो आणि वेटर ‘जातो’ म्हणत बिल घेऊन यायचा.

तरीही स्पॅनिश शिकणाऱ्याने आधी हेच क्रियापद घोटावं. ‘बोय आ’ म्हणून पुढे कुठलंही क्रियापद मूळ रूपात ठेवलं की भविष्यकाळ तयार: ‘बोय आ कोमेर’, मी जेवणार आहे. तेवढ्यावर निदान उपाशी राहायची वेळ येत नाही.