साहेबपदाची किंमत

अमेरिकेतील १९३८ च्या श्रमकायद्यान्वये आठवड्यास चाळीस तासांवरील कामाला दीडपट मजुरी मिळते, मात्र अधिकारीवर्ग त्यातून वगळलेला असल्यामुळे तेथील दुकानमालकांच्या अंगी बढत्या देण्याचे अलोट औदार्य आढळते. जो गृहस्थ खोकी फोडतो, फडताळे लावतो, गल्ल्यावर उभा राहतो आणि रात्री फरशीही पुसतो, त्याच्या छातीवर ‘सहायक व्यवस्थापक’ अशी पट्टी लावली, की त्याचे जादा तास हिशेबातून अंतर्धान पावतात. २०१६ साली, आठवड्यास ९१३ डॉलरांहून कमी वेतनाच्या साहेबांनाही जादा कामाचा मोबदला द्यावा, असे फर्मान सरकारने काढताच कित्येक साहेबांना ताशी मजुरीवर उतरविण्याची सिद्धता झाली. परंतु अंमलास नऊ दिवस उरले असता टेक्सासमधील न्यायालयाने तहकुबी दिली, आणि त्या बिचाऱ्यांवर प्रतिष्ठित राहण्याची आपत्ती कायम झाली.