दहा यार्डांचा बांध

अमेरिकन फुटबॉल अवघड आहे, हा अमेरिकेतल्या समस्त नवरेमंडळींनी पसरवलेला गैरसमज आहे. अवघड असतं ते त्यांचं समजावून सांगणं. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी वर्तुळात फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या रविवारी कामाची वाटणी ठरलेली असे. पुरुषांनी टीव्हीसमोर ओरडायचं, बायकांनी बटाटेवडे तळायचे. एखादीनं हात पुसत बाहेर येऊन "आता काय झालं?" असं विचारलंच, तर उत्तर मिळे, "अगं, बघत राहा, कळेल!" ज्याला स्वतःलाच नीट कळलेलं नसतं तोच असं म्हणतो, हे आम्हाला मात्र बघता बघता कळलं.

ही कोंडी फोडली सांगलीहून मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाईंनी. बाहेर बर्फ, घरात करमेना, म्हणून रविवारी दुपारी त्या लेकाशेजारी सोफ्यावर बसू लागल्या.

"अरे, हे साखळी लावून काय मोजतायत?"

"दहा यार्ड पुरे झाले का, ते बघतायत, आई."

"म्हणजे मोजणी आली म्हण की!" सासूबाई पदर सावरून नीट बसल्या. बांधाच्या दाव्यासाठी तालुक्याला खेटे घालून शेवटी निकाल आपल्या बाजूनं आणलेली बाई ती. तिला हा खेळ एका दुपारीत उलगडला, आणि पुढच्या भिशीला त्यांनी आमचा वर्गच घेतला.

"हे बघा, रान शंभर यार्डांचं. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. बॉल ज्याच्याकडे त्याला चार संधी. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकला, की पुन्हा चार. नाही सरकला, की बॉल समोरच्याचा. पार शेवटच्या पट्ट्यात शिरला तर सहा गुण, वर आणखी एक किंवा दोन मिळवायची मुभा. तिथवर पोचणं होत नसेल तर लाथ मारून बॉल खांबांमधून घालवायचा, तीन गुण. आणि बॉल घेऊन स्वतःच्याच पट्ट्यात लोळवला गेला, तर समोरच्याला फुकटचे दोन."

"पण आई, किती ती दांडगाई!"

"अगं, बांध सरकवताना कुणी हळदीकुंकू लावतं का?"

पुढचं सगळं त्यांनी याच हिशेबात बसवलं. जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ नावाला न्यूयॉर्कचे. खेळतात मात्र आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. "वहिवाट इथली आणि सातबारा तिकडच्याच्या नावावर!" सासूबाई म्हणाल्या. दहा यार्डांची हद्द दाखवणारी टीव्हीवरची ती पिवळी रेघ कोण आखतं, असं विचारल्यावर आमच्या ह्यांनी "असतात माणसं, पटकन आखतात" असं ठोकून दिलं. लेकीनं फोनवरून मान वर न करता सांगितलं, की १९९८पासून ती रेघ कॉम्प्युटर काढतो. मैदानावर ती नसतेच. सासूबाईंना जराही नवल वाटलं नाही. "नकाशात एक नि जागेवर एक. आमच्याकडेही तसंच."

मग मी त्यांना सारा थॉमस यांची गोष्ट सांगितली. २०१५मध्ये त्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पहिल्या पूर्णवेळ महिला पंच झाल्या, आणि २०२१च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला. त्या होत्या डाउन जज, म्हणजे साखळीवाल्यांवर देखरेख त्यांचीच. "मोजणीवर बाई बसवली ना? मग खाडाखोड होणार नाही," असा निर्वाळा मिळाला. पुढे २०२५च्या हंगामापासून मोजणी कॅमेऱ्यांकडे गेली आणि साखळी अडीअडचणीपुरती उरली, हे फोनवर सांगितलं तेव्हा मात्र त्या हळहळल्या. "मग भांडायचं कशावरून?"

२०२३च्या सप्टेंबरात टेलर स्विफ्ट कॅन्सस सिटीच्या सामन्याला तिथला खेळाडू ट्रॅव्हिस केल्सी याच्यासाठी येऊन बसली आणि पुरुषवर्गाला नवा शोध लागला, की बायका सामना बघतात त्या तिच्याकरता. बघेनात का! घड्याळात साठ मिनिटांचा सामना चालतो तीन तासांवर, आणि त्यात बॉल प्रत्यक्ष हलतो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेल्या वेळात एखादी गायिका बघितली, तर कुणाचं काय अडलं? २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल हा याच खेळाचा बिनदांडगाईचा प्रकार येतोय, पुरुषांचा आणि महिलांचाही. तेव्हा कोण कुणासाठी टीव्ही लावतं, तेही दिसेलच.

तोवर मैत्रिणींनो, वड्यांची कढई खुशाल नवऱ्यांकडे द्या आणि सोफा गाठा. कुणी "तुम्हाला नाही कळायचं" म्हणालाच, तर शांतपणे विचारा, "होल्डिंगला किती यार्डांचा दंड?" तो ऐटीत "दहा" म्हणेल. त्याला अर्धेच मार्क द्या. बॉल ज्यांच्याकडे त्यांना दहा, अडवणाऱ्यांना पाच.