आमदार साहेबांस, एकमताबद्दल अभिनंदनाचे पत्र



पुणे शहरातल्या आठ मतदारसंघांपैकी आपला कुठला, याने फारसे बिघडत नाही. पत्र आठहीजणांना चालेल.

नुकत्याच काही आशाताई मध्यवस्तीतल्या एका जनसंपर्क कार्यालयात मानधनवाढीचे निवेदन घेऊन गेल्या होत्या. साहेब नव्हते. स्वीय सहायकांनी पोच दिली, निवेदन घेतानाचा फोटो काढून घेतला आणि सांगितले, "हा केंद्राचा विषय आहे, खासदारांकडे जा." खासदारांच्या कार्यालयात आदल्याच दिवशी "आरोग्य हा राज्याचा विषय" असे ऐकून त्या आल्या होत्या. मग सहायक मुद्द्यावर आले. येत्या रविवारी साहेबांच्या वाढदिवसाचे आरोग्य शिबिर आहे, वस्तीतून बायका आणाल ना?

आणतील, साहेब. बायका आशाताईंचेच ऐकतात. बाळ जन्मले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारात उभी राहते ती हीच बाई. जनता वसाहतीच्या पायऱ्या चढून जायचे, बाळ झोळीत घालून काट्याला अडकवायचे, ते हातपाय झाडायचे थांबेपर्यंत वजनाचा आकडा स्थिरावत नाही म्हणून वाट बघायची. अंग तापलंय का, अंगावर नीट पितंय का, बेंबी कोरडी आहे का, हे सगळे बघून वहीत लिहायचे. या सहा भेटींचा मोबदला मिळून 250 रुपये. म्हणजे भेटीमागे 42 रुपयेसुद्धा नाहीत. पुण्यातल्या रिक्षाच्या 25 रुपये पहिल्या दीड किलोमीटरला आणि पुढे 17 रुपये किलोमीटरला या दराने तेवढ्यात अडीच किलोमीटर होतात, परतीचे भाडे वेगळे.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही घरोघरच्या पाहणीला आशाताई होत्याच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये देशभरातल्या आशांचा गौरव केला. भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली होती, पण सरकारदरबारी त्या अजून 'स्वयंसेविका'. केंद्राकडून मिळणारी दरमहाची ठरावीक रक्कम 2018 पासून 2,000 रुपयांवर होती, ती 3,500 करायचे ठरायला 2025 उजाडले.

आता अभिनंदनाचे, पण त्याआधी आशाताईंच्या वाढीची गोष्ट. ऑक्टोबर 2023 मध्ये आशाताईंनी बेमुदत संप केला. तत्कालीन आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांनी 7,000 रुपये वाढ जाहीर केली. दिवाळी झाली, जीआर निघेना. जानेवारीत पुन्हा संप, फेब्रुवारीत आझाद मैदानावर ठिय्या. घरची पोरंबाळं टाकून बायका मुंबईत उघड्यावर बसल्या, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने वाढ मंजूर केली. 7,000 ची नव्हे, 5,000 ची. दोन संप आणि एक मैदान, एवढ्या खर्चात कबूल झालेल्यातले 2,000 वाटेतच गळाले.

आणि ऑगस्ट 2016? पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आपल्या सभागृहाने आमदारांचे वेतन सुमारे 75,000 वरून 1 लाख 70 हजारांच्या घरात नेणारे विधेयक एकमताने मंजूर केले. चर्चा नाही, सभात्याग नाही, कोणी वेलमध्ये उतरले नाही. एरवी शोकप्रस्तावावरही एकमेकांना टोमणे मारणारे पक्ष त्या दिवशी सख्ख्या भावंडांसारखे वागले. त्याबरोबर माजी आमदारांचे निवृत्तिवेतनही वाढले. तेव्हा तिजोरीवरचा बोजा कोणाला दिसला नाही. वित्त विभागाचे अभिप्राय आडवे आले नाहीत. कोणाला आझाद मैदानावर झोपावे लागले नाही! 42 रुपयांना पायऱ्या चढणाऱ्या बाईला मात्र तोंडावर सांगायचे की राज्याची आर्थिक परिस्थिती बघा. लाज वाटायला हवी, साहेब.

एवढे बोलून झाल्यावर आपली कीवही येते. सकाळी दशक्रिया, दुपारी लग्न, रात्री दीड वाजता कोणाच्या तरी सासऱ्याला ससूनमध्ये खाट मिळत नाही म्हणून फोन. मंत्रालयात पत्र घेऊन आपणही ताटकळता आणि 'प्रस्ताव विचाराधीन आहे' हेच उत्तर घेऊन परतता. सत्ताधारी असाल तर बोलायची चोरी, विरोधक असाल तर निधीची वानवा.

पण एक प्रश्न तर विचारता येतो. लक्षवेधी लावा, नाहीतर आरोग्य विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना द्या: जाहीर केलेल्या 7,000 पैकी उरलेले 2,000 कधी देणार आणि मोबदला दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात का पडत नाही? मजकूर जुळवायचा त्रासही आपल्याला नको. संघटनेच्या ताई टाइप करून, तीन प्रती काढून कार्यालयात आणून देतील. सही तेवढी आपली लागेल.