एका सेंटचा माणूस

अमेरिकेतल्या नाण्यांच्या प्रदर्शनात गर्दी असते ती सोन्याच्या टेबलापाशी. हा गृहस्थ तिकडे फिरकत नाही. कोपऱ्यात काळ्या पडलेल्या तांब्याच्या चकत्यांचा एक खोका असतो, त्यावर तो ओणवा. साठी उलटलेली, गळ्यात दोरीला भिंग, खिशात मऊ केसांचा बारीक कुंचला. स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही न बघता तो नाणं उलटं करतो आणि पानं, देठ, फळं मोजायला लागतो. देवळात जाऊन मूर्तीऐवजी गाभाऱ्याच्या फरशा मोजाव्यात, तसं.

वेड बिनबुडाचं नाही. 1793 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत सेंट पडू लागले तेव्हा ठशावरचं एकेक अक्षर, एकेक आकडा हाताने ठोकून बसवत. त्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे निघणं अशक्यच, आणि ठसा बदलला की सेंटची जात बदलली. पहिल्याच वर्षीच्या एका ठशावर देशाचं नाव ‘अमेरि.’ एवढ्यावरच आटोपलं. 1801 च्या एका ठशावर शंभरांश लिहायचा तिथे एक भागिले तीन शून्यं! शिवाय ‘युनायटेड’चा यू मोडून दोन आय झालेले आणि पानांच्या हाराचा एक देठ गायब. टांकसाळीला लाज वाटावी अशी ही कामगिरी. आपल्या गृहस्थाचा मात्र त्या ठशाच्या नुसत्या उल्लेखाने गळा दाटून येतो. 1794 च्या एका सेंटच्या कडेच्या दात्यांमधल्या जागेत 94 बारीक चांदण्या आहेत. त्या का, हे कोरणाऱ्याने सांगितलं नाही. ह्याला विचारा, तो जेवण होईपर्यंत सांगेल.

त्याच्या दारात सुंदर गुलाब आहेत. फुलं बायको तोडते, काटे हा. तांब्यावरची हिरवी कीड खरवडायला गुलाबाच्या काट्यासारखं हत्यार नाही, असं त्याच्या पंथात मानतात. काटा लाकडाइतकाच मऊ, धातूला ओरखडा पडत नाही. मग नाणं झायलॉल या द्रावकात बुडवून कुंचल्याने हळूहळू. नाणं चकचकीत मात्र करायचं नाही. कुणी ‘ब्रासो लावून बघा ना’ म्हणालं की त्या घरी हा पुन्हा पाणी पीत नाही.

त्याला पाहावं ते खरेदी करताना. खोक्यात झिजून सपाट झालेला सेंट हाती लागतो. तारीख अर्धी, देवी जवळजवळ अंतर्धान पावलेली. पण मागे पानाचं टोक एका अक्षराच्या नेमक्या उजव्या पायाखाली! म्हणजे दुर्मिळतेच्या श्रेणीत आर-7: जगात फार तर बारा. आता विक्रेत्याला कळता कामा नये. गृहस्थ जांभई देतो. नाणं खोक्यात परत टाकतो, पण बोट तिथेच. हवामानावर बोलतो. शेवटी नको असलेली तीन नाणी उचलून त्यांत हे चौथं सरकवतो आणि वर घासाघीस करतो. गाडीत बसल्यावर हात इतके थरथरतात की किल्ली लागत नाही. मात्र आपल्याकडच्या आर-8 जातीचं, म्हणजे जगात फार तर तीन असलेल्या जातीचं चौथं नाणं कुणाला सापडलं, तर आठवडाभर घरात सुतक.

त्याचे पूर्वज त्याला शोभणारेच. 1869 मध्ये डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी 1794 च्या सेंटांवर पुस्तक काढलं आणि चेहऱ्यांना नावं ठेवली: ‘दुहेरी हनुवटी’, ‘नखरेल’, ‘पॅटागोनियन’. रोग्यांना त्यांनी काय नावं ठेवली होती कोण जाणे. पण खरे गुरू विल्यम शेल्डन, मानसशास्त्रज्ञ. यांनी समस्त मानवजातीला लठ्ठ, पिळदार आणि काडीपैलवान अशा तीन साच्यांत बसवलं. 1794 च्या एका सेंटला मात्र पन्नासहून अधिक प्रकार लागले! 1949 सालच्या पुस्तकात त्यांनी दिलेले नंबर भक्तांना आजही तोंडपाठ आहेत. दर्जा मोजायची त्यांची 1 ते 70 ची पट्टी तर सगळ्या अमेरिकी नाण्यांना लागू झाली.

हेच शेल्डन न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट काढून घेत आणि जागी आपले त्याच जातीचे डावे सेंट ठेवत. ते गेल्यावर हे उघडकीला आलं, जुन्या फोटोंशी एकेक डाग, एकेक खरचटा ताडून.

हा विषय मी काढला तेव्हा आपला गृहस्थ बराच वेळ भिंग पुसत राहिला. “चोरी ती चोरीच,” म्हणाला. मग जरा जवळ सरकून, “पण निवड बघा हो त्यांची!”